वरच्या सुराची जागा

३ मार्च १९७७

एस्टिल,

पाकिटावरचं अक्षर ओळखून पत्र चुलीत टाकलं नसशील, तर आधी बातमी वाच. तुझा भाऊ गेला. १९ फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी, जिल्ह्याच्या इस्पितळात. छातीचं जुनंच दुखणं होतं, या खेपेला त्याने सोडलं नाही.

तार केली नाही. तार पोचूनही तू आला नसतास, तर ते मला सगळ्या खोऱ्यासमोर सोसावं लागलं असतं. आणि डेटनला फोन लावायचा म्हणजे बोलण्याचे पैसे पडतात तसे रडण्याचेही पडतात. पत्र तेरा सेंटांत जातं आणि घाई करत नाही. कागदाला नावं ठेवू नकोस. हार्लिसला रेडिओवर जी पत्रं यायची त्यांच्या कोऱ्या पाठी आहेत. उलटून वाचलंस तरी चालेल. कुणाच्या आजीला वाढदिवसाचं गाणं हवं होतं, कुणाचा नवरा पाय मोडून पडला होता.

दफन चांगलं झालं. चर्चमध्ये वाद्य चालत नाही हे तुला ठाऊक आहे, तेव्हा गिटार बाहेर ट्रकमध्ये राहिली, तो स्वतः दर रविवारी बसायचा तिथेच. मी आत प्रार्थनेला आणि तो ट्रकमध्ये, काच खाली करून. शेवटपर्यंत सभासद झाला नाही. देवाच्या दारात ही गोष्ट कशी धरली जाईल, या विचाराने माझा जेवणावरून हात उठतो. ब्रदर टिल्मन म्हणाले, "सिस्टर ऑर्फा, हिवाळ्यातसुद्धा काच खाली ठेवून बसणारा माणूस बाहेरचा नव्हे." ते वाक्य मी धरून आहे.

माणसं इतकी आली की ओळ रस्त्यापर्यंत गेली. आपल्या खोऱ्यातल्या गोठ्यांमधून तर यच्चयावत माणूस आला. क्लीटस ब्रुअर, आपल्या मागच्या टेकडीवरचा, टोपी हातात घेऊन माझ्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, सांगू नये पण सांगतो. शनिवारपासून गाई दूध चोरायला लागल्यात." तू इथून गेल्यानंतर हार्लिसने एकट्याने पहाटेचा रेडिओ धरला, हे तुझ्या कानावर असेलच. इतकी वर्षं पहाटे त्याचा आवाज लागला की या खोऱ्यातल्या गाईंना पान्हा फुटायचा. स्टेशनवाल्यांनी त्याच्या जागी एक नवा मुलगा बसवला, तर शेतकऱ्यांचे इतके फोन गेले की सोमवारपासून जुन्या टेपा लावतात. म्हणजे मी रोज पहाटे उठते, चूल पेटवते आणि माझा मेलेला नवरा मला सुप्रभात म्हणतो. पुढे हवामान सांगतो, तेही गेल्या वर्षीचं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र ते लिहिते. शुक्रवारी संध्याकाळी मी त्याच्या उशाशी होते. छताकडे बघत म्हणाला, "एस्टिलला सांग..." आणि तेवढ्यात नर्स आत आली. आता तुझा भाऊ तुला माहीत आहे. समोर नवीन माणूस आलं की त्याला हसवल्याशिवाय त्याचा श्वास पुढे जात नसे. त्याने तिला विचारलं, या इस्पितळातली बिस्किटं खायची आहेत की औषध म्हणून छातीला बांधायची. ती पोट धरून हसली. मीही हसले. मग त्याला झोप लागली, आणि वाक्य तिथेच राहिलं.

तुला काय सांगायचं होतं, ते मला माहीत नाही. मी बनवून लिहिणार नाही, ते खोटं होईल. पण एक मागते. जूनच्या पहिल्या रविवारी थडगी सजवायला सगळे टेकडीवर जमतात. त्याच्या मातीवर तुमच्या आईचं 'दाराशी कंदील' म्हणतील. तू ये आणि तुझा सूर लाव. एकदाच ते गाणं अख्खं होऊ दे.

तुझी वहिनी
ऑर्फा


१७ एप्रिल १९७७

एस्टिल,

उत्तर नाही. ठीक आहे. तू चौदा वर्षांचा असताना मी या घरात सून म्हणून आले, तेव्हाही तू रुसलास की धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायचास आणि मी मक्याची भाकर बाहेर ठेवून निघून यायचे. हेही तसंच समज.

त्या रात्रीबद्दल आपण कुणीच कधी बोललो नाही. तू दारातून गेलास, म्हणून पुढचं तुला माहीत नाही. ते तुला माहीत असलं पाहिजे असं मला वाटतं, आणि ते सांगणारं आता माझ्याखेरीज कुणी उरलं नाही.

तुझ्या नेवाला मातीत ठेवून आठवडा झाला होता. शाळेतला कार्यक्रम आधीच ठरलेला होता. हार्लिस म्हणाला रद्द करू. तूच म्हणालास, घरात बसून भिंती बघण्यापेक्षा बरं. शाळा पलीकडच्या जिल्ह्यातली, तिथल्या लोकांना नेवाचं काही कळलेलं नव्हतं. त्यांना फक्त लेडफर्ड बंधू माहीत होते. एक ढगळ विजारीतला, दुसरा शहाण्यासारखा कोट घातलेला. आणि मधली ती बडबड. अकरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात तिसऱ्या गाण्यानंतर तीच.

हार्लिसने विचारलं, "काय रे, बायको कुठाय तुझी?"

त्याच्या जिभेने विचारलं, एस्टिल. बैल जसा न हाकता घराकडे वळतो तशी ती जीभ वळली. विचारल्यावर त्याचा चेहरा कसा झाला तो मी केकच्या टेबलापाशी उभी राहून पाहिला. तू त्याच्याकडे पाहत नव्हतास, तू लोकांकडे पाहत होतास. आणि तुझ्याही जिभेने उत्तर दिलं.

"घरी. वाट बघतेय."

मग हार्लिसने विचारायचं असे, "हातात काय?" त्याने ते विचारलं नाही. पण लोकांना कुठे गरज होती? अकरा वर्षांत ते रेडिओवर इतकं ऐकलं होतं की सगळी शाळा एका आवाजात ओरडली, "बिडाचा तवा!"

तू मँडोलिन खुर्चीवर ठेवलीस. आपटली नाहीस, झोपलेलं मूल ठेवावं तशी ठेवलीस. आणि मागच्या दाराने गेलास.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं ऐक. लोकांना वाटलं हाही विनोदच. बायकोच्या भीतीने घरी पळाला म्हणून ते आणखी हसले. शिट्ट्या वाजल्या. हार्लिस तिथेच उभा होता. त्याने डोक्यावरची ती चेपलेली हॅट काढली आणि हळू आवाजात सांगितलं, "मंडळी, याची बायको गेल्या आठवड्यात वारली." तेही कुणाला खरं वाटेना. पुढच्या रांगेतला एक जण ओरडला, "तव्याने का?"

ती हॅट त्याने पुन्हा घातली नाही. ढगळ विजार मी उसवून गोधडीत घातली, कापड चांगलं होतं. नंतर जिथे जाईल तिथे लोक मागून ओरडायचे, "हार्लिसकाका, बायको कुठाय?" तो ऐकलं न ऐकलं करून पुढचं गाणं धरायचा. लोक म्हणायचे, लेडफर्डला शिष्टपणा आला.

एकदा तो डेटनला आला होता. मला म्हणाला टायर घ्यायला चाललोय. तुझ्या घरासमोर ट्रक लावून बसला. तू कारखान्यातून आलास, डबा हातात होता, पायऱ्या चढलास, दिवा लावलास. तो माघारी आला. मी विचारलं, बोलला का नाहीस? म्हणाला, "तोंड उघडलं की विनोदच बाहेर पडेल अशी भीती वाटली." जन्मभर माणसं हसवली, पण सरळ एक वाक्य त्याच्याच्याने झालं नाही. टायर मात्र आणले होते.

ये, एस्टिल. जूनचा पहिला रविवार.

ऑर्फा


८ मे १९७७

एस्टिल,

पार्सल मिळालं. चिठ्ठी नव्हती, पण डेटनहून मला फुलं पाठवणारं दुसरं कोण आहे? प्लास्टिकची आहेत. पाच वर्षं रंग जाणार नाही असं खोक्यावर छापलंय. तुझी आई असती तर म्हणाली असती, पाच वर्षं न कोमेजणाऱ्या फुलावर भरवसा ठेवू नये. मी नेहमीसारखी कागदाची करून मेणात बुडवते आहे. तुझी त्यांच्यामध्ये लावीन. खोकं चांगलं मजबूत आहे, अंड्यांना होईल.

म्हणजे तू पत्रं वाचतोस. मग तुला ती दुसरी गोष्ट सांगते, जी मी आधी सांगायला हवी होती. घाबरत होते. वाचून तुला राग येईल की रडू, ते मला कळत नव्हतं. अजूनही कळत नाही.

तू गेल्यावर हार्लिसने तुमची सगळी गाणी एकट्याने गायली. पण कशी? गाण्याची खरी चाल तुझ्याकडे होती, वर. त्याचा सूर खालचा, तुझ्या चालीला टेकू देणारा. मला वाटलं, आता हा चाल धरील. एकटा माणूस गातो तेव्हा चालच गातो, दुसरं काय गाणार? पण याने खालचाच सूर गायला. एकवीस वर्षं. वेलीशिवाय मांडव उभा करावा तसा. ऐकायला विचित्र, एका जागी घुटमळणारं, कुठेच न पोचणारं. मी म्हटलं, "अरे, लोकांसाठी तरी चाल गा. तुला येते ना?"

गिटारची तार पिळत म्हणाला, "येते. पण ती जागा माझी नाही."

मग मी विचारायचं सोडलं. आणि झालं काय माहीत आहे? लोकांना ते विचित्र वाटेनासं झालं. या खोऱ्यातली पोरं त्याच सुरावर पाळण्यात झोपली. गोठ्यात, शाळेच्या बसमध्ये, शेण लोटताना सगळे 'दाराशी कंदील' म्हणतात, आणि म्हणतात तो खालचा सूर. त्यांना वाटतं तीच चाल आहे. दफनाला नॅशव्हिलहून एक गायक आला होता, बुटांत तोंड दिसेल असा. लहानपणी आजोळी इथे असायचा. माझा हात धरून म्हणाला, "मॅडम, मी जो काही आहे तो पहाटेच्या त्या रेडिओमुळे." त्याने ते गाणं रेकॉर्डवर घेतलंय. मी ऐकलं. मागे सतरा व्हायोलिनं आहेत, आणि तीही खालचाच सूर वाजवतात.

तुझ्यासाठी एक जागा राखली होती, एस्टिल. राखता राखता लोक विसरले की ती जागा आहे.

तुझी मँडोलिन माझ्याकडे आहे, पिठाच्या पिशवीत. मान वाकू नये म्हणून तारा ढिल्या करून ठेवल्यात. त्या रविवारी टेकडीवर आणीन. टेबलाखाली ठेवीन, कुणाला दिसणार नाही.

ऑर्फा


६ जून १९७७

एस्टिल,

तू आला होतास.

मी हे रागाने लिहीत नाही. रात्री प्रार्थनेत मी तुझ्यासाठी पहिल्यांदा नुसते आभार मानले, मागितलं काही नाही.

काल हवा चांगली होती. सकाळी थडग्यांवरचं गवत काढून माती सारखी केली, फुलं लावली. मग पुरुषमंडळी, पोरं आणि तरुण बायका हार्लिसभोवती उभ्या राहिल्या, आणि आम्ही म्हाताऱ्या झाडाखाली टेबलं मांडत होतो. मी रस्त्याकडे किती वेळा पाहिलं, विचारू नकोस. तुझी ओहायोच्या नंबराची गाडी दिसली नाही. तू ती खाली पुलाजवळ लावलीस हे नंतर क्लीटसने सांगितलं. त्याने तुला ओळखलं नाही, कुणाचा तरी पाहुणा समजून हात केला.

ब्रदर टिल्मननी सूर दिला आणि सगळे म्हणू लागले. तोच, खालचा. दोनशेएक माणसं, आणि गाणं आपलं जमिनीलगत चाललेलं. मी घेवड्याच्या पातेल्यात डाव घालून उभी होते. दुसऱ्या कडव्याला तो आवाज आला. कुंपणाकडून. वरून. थरथरत होता, एका जागी चिरकला, पण चाल तीच. माझ्या लग्नात म्हटली होतीस ती. एस्टिल, शपथ घ्यायची नाही अशी आमची शिकवण आहे, पण त्या दोन ओळींपुरतं मला वाटलं की कुणीतरी छप्पर उचललं. खालचं ते सगळं घुटमळणं का होतं, कशासाठी होतं, ते एकदम कळलं.

आणि मग तू थांबलास.

का थांबलास ते मला तेव्हा कळलं नाही. मी टेबलांमधून वाट काढत निघाले. हॅना बाई मध्ये आली, मीठ कुठाय म्हणाली. कुंपणापाशी पोचेपर्यंत तू उतारावर होतास. मी हाक मारली, पण लोक अजून गात होते. धावलेही. या वयात, रविवारच्या पोशाखात. गाडीचं दार लागलं आणि मी उभी राहिले, तेव्हा लक्षात आलं की डाव माझ्या हातातच आहे. तू आरशात पाहिलं असतंस तर तुला काय दिसलं असतं, एस्टिल? घरची बाई, हातात डाव घेऊन मागे धावतेय. मला हसू आलं आणि मग मी तिथे रस्त्याच्या कडेला बसले.

मँडोलिन परत आणली.

ऑर्फा


२६ जून १९७७

एस्टिल,

आज प्रार्थनेनंतर ज्युनेल आली होती. क्लीटसची सून, कडेवर वर्षाचं मूल. दारातच उभी. म्हटलं आत ये, तर म्हणाली आधी सांगते, मग ठरवा आत घ्यायचं की नाही.

त्या रविवारी ती कुंपणाजवळ तुझ्या शेजारी उभी होती. एक परका म्हातारा गाणं चुकतोय, लोकांत त्याचं हसं होईल, म्हणून चांगल्या मनाने तिने तुझ्या बाहीला हात लावला आणि हळूच म्हणाली, "आजोबा, चाल चुकताय तुम्ही. आमच्याबरोबर म्हणा, सोपी आहे."

तू काय म्हणालास तेही तिने सांगितलं. "हो पोरी. बऱ्याच वर्षांत म्हटलं नाही." आणि हॅट घालून निघालास.

मी तिला सगळं सांगितलं. नेवाचं, शाळेचं, हार्लिसचं. ती पायरीवर बसून रडली. मूल तिच्याकडे बघून हसत होतं, त्याला तो खेळ वाटला. मी ब्रदर टिल्मननाही सांगितलं. ते म्हणाले, "सिस्टर, सगळं खोरं एक चाल म्हणतं आणि एकटा माणूस दुसरी. बरोबर कोण, कसं ठरवायचं?" मी म्हटलं, पुराच्या आधी नोहालाही लोक हेच विचारत होते.

ज्युनेल डोळे पुसून म्हणाली, "काकू, मला ती खरी चाल शिकवा. मी याला तीच म्हणीन."

मी तोंड उघडलं. आणि एस्टिल, मला आली नाही. मी ती लग्नात ऐकली, अकरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात ऐकली, तीन आठवड्यांपूर्वी त्या टेकडीवर ऐकून मला रडू फुटलं. तरी तोंडातून निघाला तो खालचाच सूर. पुन्हा धरली, पुन्हा खाली. एकवीस वर्षं मी चुलीपाशी उभं राहून तेच ऐकलंय. हार्लिसने राखलेली जागा माझ्याही डोक्यातून बुजून गेली. टेपांवरही नाही. त्या फक्त त्याच्या एकट्याच्याच आहेत. म्हणजे तुमच्या आईने कपडे धुताना जी चाल बांधली, ती आता जगात एकाच माणसाच्या घशात आहे, आणि तो डेटनला एकटा राहतो.

हार्लिसचं अर्धं राहिलेलं वाक्य मी पुष्कळदा पुरं करून पाहिलं. माफ कर, असेल. ये, असेल. की इस्पितळातल्या बिस्किटांवरचाच एखादा विनोद असेल, त्याचा काय नेम. आता मी ते सोडून दिलं. त्याला जे सांगता आलं नाही ते त्याने एकवीस वर्षं गाऊन दाखवलं. ते आपण दोघांनीही ऐकलं नाही. तू लांब होतास, मी जवळ होते, एवढाच फरक.

ज्युनेल आता दर शनिवारी दुपारी येणार आहे. मूल चटईवर सोडेल आणि आम्ही शेंगा सोलू. तिला मी सांगितलंय की शिकवणारा येईल. खोटं बोलायची मला सवय नाही, तेव्हा हे खरं करणं तुझ्या हातात आहे. मँडोलिनला नव्या तारा घातल्यात. तुझी खोली झाडली आहे.

हे पुढचं लिहिताना हात अडला. हे शब्द तुझ्याशी बोलू नयेत, हे मला कळतं. पण दुसरे शोधले आणि सापडले नाहीत. खरं तेच आहे.

मी घरी आहे. वाट बघतेय. हातात काही नाही.

ऑर्फा